वयाचा रकाना

तुरुंगात नव्याने येणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद दाराशीच एका वहीत केली जाते. नाव, वडिलांचे नाव, गाव, गुन्ह्याचे कलम आणि वय. यांपैकी पहिल्या चार गोष्टी पोलिसांनी व न्यायालयाने या ना त्या कारणाने तपासलेल्या असतात. पाचवी मात्र पुष्कळदा अंदाजाने लिहिली जाते. मिसरूड फुटले आहे, अंगाने थोराड दिसतो, तेव्हा लिहा वीस, असा तो हिशेब असतो. जन्माची नोंद सक्तीची करणारा कायदा या देशात १९६९ साली झाला आणि तो खेडोपाडी रुजावयास आणखी पुष्कळ वर्षे लागली. गरिबाघरच्या मुलाला, किंबहुना त्याच्या आईलाही, जन्मतारीख विचारली तर त्या साली मोठा पाऊस झाला होता किंवा दुष्काळ पडला होता, एवढेच सांगता येते. परंतु याच रकान्यातील दोन आकड्यांवर मुलाचे सारे आयुष्य अवलंबून असते. तो सुधारगृहात जावयाचा की जन्मठेपेवर, त्याने तीन वर्षांनी घरी परतावयाचे की फाशीच्या कोठडीत दिवस मोजावयाचे, हे त्या आकड्यांवरून ठरते. भारतातील अल्पवयीनांच्या शिक्षेच्या सुधारणेचा इतिहास म्हणजे एका अर्थी या रकान्याचा इतिहास होय. आणि त्याची महत्त्वाची प्रकरणे बरीचशी दिल्लीत घडली आहेत.

फौजदारी कायद्याला वयाचा विचार अगदीच अपरिचित होता, असे नाही. १८६० च्या दंडसंहितेने ७ वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानले नाही. ७ ते १२ या वयातील मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी जाण आली होती की नाही, हे पाहावे, असे तिने सांगितले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी हे दोन्ही नियम कायम राहिले आहेत. परंतु १२ वर्षे उलटल्यावर पुढे काय, याचे उत्तर मूळ संहितेत नव्हते. तेरा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीचा दरोडेखोर यांना तिने एकाच मापाने मोजले.

ही उणीव प्रथम जाणवली ती समाजात वावरणाऱ्या परोपकारी माणसांना. किरकोळ गुन्हा करणाऱ्या मुलाला तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला ठेवावे, असा कायदा १८५० मध्येच झाला होता. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली जाणारी, आज माहीमला असलेली औद्योगिक शाळा १८५७ ची. ब्रिस्टलमध्ये अशा मुलांसाठी शाळा चालविणाऱ्या मेरी कार्पेंटर १८६६ साली हिंदुस्थानात आल्या आणि स्त्रीशिक्षणाबरोबरच तुरुंगातील मुलांचा प्रश्नही त्यांनी राज्यकर्त्यांपुढे मांडला. पुढे १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला व १८९७ मध्ये तो नव्याने करण्यात आला. अमेरिकेत शिकागो येथे १८९९ साली मुलांसाठी जगातील पहिले स्वतंत्र न्यायालय सुरू झाल्यावर हा विचार सर्वत्र पसरला. भारतीय तुरुंग समितीने १९१९-२० मध्ये त्याचा पुरस्कार केला आणि मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये व मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये आपापले बालअधिनियम केले. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडीच्या गृहात मुलांना ठेवून त्यांची चौकशी करण्याचे काम तिने अंगावर घेतले.

याच काळात आणखी एक कल्पना आली. इंग्लंडमधील केंट परगण्यात बोर्स्टल नावाचे खेडे आहे. तेथील तुरुंगात विसाव्या शतकाच्या आरंभी तरुण कैद्यांसाठी एक नवी पद्धत चालू झाली. तिचे मर्म असे, की शिक्षेचा काळ गुन्ह्याच्या वजनावर न ठरविता कैद्यातील बदलावर ठरवावा. तो सुधारला असे दिसले, की अटी घालून, देखरेखीखाली, परवान्यावर त्याला मुदतीपूर्वी सोडावे. मुंबई इलाख्याचा बोर्स्टल शाळांचा कायदा १९२९ चा असून या इलाख्याची बोर्स्टल शाळा धारवाडला होती. प्रौढ कैद्याचा पॅरोल ही बहुधा सवलत समजली जाते. तरुणाच्या बाबतीत मात्र परवान्यावरील सुटका हा शिक्षेचाच एक भाग आहे, कारण त्याला परत समाजात बसविणे हाच त्या शिक्षेचा हेतू आहे, असा हा विचार होता. तो पुढे काही काळ मागे पडला, पण नाहीसा झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर संसदेने दोन चांगले कायदे केले. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाने २१ वर्षांखालील गुन्हेगाराला, जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे वगळता, शक्यतो तुरुंगात पाठवू नये, पाठवावयाचे तर न्यायाधीशाने कारणे लिहून द्यावीत, असे सांगितले. १९६० चा बालअधिनियम दिल्लीसह केंद्रशासित प्रदेशांसाठी होता. १६ वर्षांखालील मुलगा आणि १८ वर्षांखालील मुलगी यांना कोणत्याही परिस्थितीत तुरुंगात टाकता येणार नाही, हे त्याने स्पष्ट केले. कायदा इतका निःसंदिग्ध असताना मुले तुरुंगाबाहेर राहावयास हवी होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. काही राज्यांनी असा कायदाच केला नव्हता, काहींनी केला होता पण अमलात आणला नव्हता; आणि जेथे तो अमलात होता तेथे वयाचा रकाना नीट भरला जात नव्हता.

१९८० नंतरच्या काही वर्षांत हे वास्तव एकामागून एक उघडकीस आले. कानपूरच्या तुरुंगात मुलांवर प्रौढ कैद्यांकडून अत्याचार होतात, अशी बातमी वृत्तपत्रांत आली आणि १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. दिल्लीच्या तिहार तुरुंगातूनही अशीच हकीकत बाहेर आली. संजय सुरी विरुद्ध दिल्ली प्रशासन या नावाने १९८८ च्या निकालसंग्रहात छापले गेलेले हे प्रकरण. त्यात न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांकडून तुरुंगाची चौकशी करविली. पुढे निकालात एक साधी सूचना दिली गेली: ज्या वॉरंटावर आरोपीचे वय लिहिलेले नसेल, ते देशातील कोणत्याही तुरुंगाने ग्राह्य धरू नये. पायी चालणाऱ्यालाही समजेल इतकी सोपी ही गोष्ट होती. परंतु ती सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची गरज पडली.

या लढ्यातील सर्वांत मोठे पाऊल एका मुंबईकर महिला पत्रकाराने उचलले. शीला बर्से यांनी त्यापूर्वी मुंबईच्या तुरुंगातील स्त्रीकैद्यांना भेटून, पोलीस कोठडीत स्त्रियांवर होणाऱ्या जुलमाचा प्रश्न १९८३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेला होता. १९८५ मध्ये त्यांनी मुलांसाठी दुसरा अर्ज केला. १६ वर्षांखालील जी मुले देशभरच्या तुरुंगांत आहेत त्यांना सोडावे, त्यांची माहिती राज्यांकडून मागवावी आणि जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात, ही त्यांची मागणी. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना माहिती देण्याचा हुकूम केला. कित्येक राज्यांनी ती वेळेवर दिली नाही. न्यायालयाने नाराजी व्यक्त केली, बर्से यांना तुरुंग व बालगृहे पाहण्याची मुभा दिली, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये महत्त्वाचे आदेश दिले. ज्या गुन्ह्याला ७ वर्षांहून अधिक शिक्षा नाही, अशा गुन्ह्यात मुलाविरुद्धचा तपास ३ महिन्यांत व खटला त्यापुढील ६ महिन्यांत संपला पाहिजे. न संपल्यास तो रद्द समजावा. त्याचबरोबर राज्याराज्यांच्या निरनिराळ्या कायद्यांऐवजी सर्व देशासाठी एकच कायदा संसदेने करावा, असे न्यायालयाने सुचविले. त्याच वर्षी संसदेने बालन्याय अधिनियम संमत केला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून तो अमलात आला.

या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, पण तो तितकाच बोलका आहे. आदेश निघत होते, तारखा पडत होत्या आणि मुले होती तेथेच होती. कंटाळून बर्से यांनी १९८८ साली आपला अर्ज मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती नाकारली. हा अर्ज आता एका व्यक्तीचा राहिलेला नाही, ज्या मुलांसाठी तो केला आहे त्यांचा तो आहे, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने बर्से यांना बाजूला केले व सर्वोच्च न्यायालयाच्या विधिसाहाय्य समितीकडे काम सोपविले. ज्या स्त्रीने प्रश्न उभा केला, तिलाच बाहेर जावे लागले. मात्र सार्वजनिक हिताचा दावा हा दावा करणाऱ्याची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व त्यातून कायमचे प्रस्थापित झाले.

बर्से यांच्यानंतर हे काम एकट्यादुकट्या पत्रकारावर राहिले नाही. दिल्लीत त्यासाठी संस्था उभ्या राहिल्या. आमोद कंठ या पोलीस अधिकाऱ्याने १९८८ साली जहांगीरपुरीच्या वस्तीतून आरंभ केलेली ‘प्रयास’ ही संस्था पुढे दिल्ली गेटजवळ मुलांचे निरीक्षणगृह चालवू लागली. ‘हक’ या बालहक्क केंद्राने मुलांच्या बाजूने कज्जे लढविले. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला होता. त्याला अनुसरून २००० साली नवा कायदा झाला, मुलांसाठीही वयोमर्यादा १८ करण्यात आली, आणि बालगुन्हेगार हा शब्दच कायद्याने टाकून दिला. विधिसंघर्षग्रस्त बालक ही आजची सरकारी संज्ञा उच्चारावयास जड खरी. परंतु गुन्हेगार हा शिक्का मुलाच्या कपाळी मारावयाचा नाही, हा तिचा हेतू सरळ आहे. २००६ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी पक्क्या केल्या. वय मोजावयाचे ते गुन्ह्याच्या दिवसाचे. आणि आपण त्या वेळी अल्पवयीन होतो, हे कोणत्याही टप्प्यावर, खटला संपूर्ण निकालात निघाल्यावरसुद्धा, सांगता येईल. या दुसऱ्या तरतुदीचे मोल पुढे दिसून आले.

तरीही तिहारमध्ये मुले सापडतच राहिली. माहितीच्या अधिकाराखाली मिळविलेल्या कागदांतून हे पुढे आले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने आपण होऊन ते प्रकरण हाती घेतले. अटक करतानाच पोलिसांनी वयाची वेगळी नोंद केली पाहिजे, असे मे २०१२ मध्ये ठरवून दिले गेले. वॉरंटावर वय लिहा, हे सांगून तोवर सुमारे पाव शतक लोटले होते.

त्याच वर्षीच्या १६ डिसेंबरला दिल्लीत एका तरुणीवर चालत्या बसमध्ये अमानुष अत्याचार झाला आणि त्यात तिचा अंत झाला. सहा आरोपींपैकी एक १८ वर्षांना काही महिने कमी होता. बालन्याय मंडळाने ३१ ऑगस्ट २०१३ रोजी त्याला कायद्यातील कमाल म्हणजे ३ वर्षांची मुदत दिली. ज्यांची मुलगी गेली त्यांना ही शिक्षा म्हणजे अन्याय वाटला, आणि देशातील असंख्य लोकांना तसेच वाटले. हा क्षोभ पोकळ नव्हता. ज्याच्या हातून असे क्रौर्य घडले त्याला केवळ जन्मतारखेचा आधार मिळावा काय, हा प्रश्न रास्त होता, आणि सुधारणावाद्यांना त्याचे उत्तर देणे भाग होते.

त्यांचे उत्तर असे होते, की एका भयंकर प्रसंगावरून सर्व मुलांचा कायदा ठरवू नये. त्या काळच्या सरकारी आकडेवारीत एकूण गुन्ह्यांतील मुलांचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास होता. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात वयोमर्यादा खाली आणण्याची शिफारस केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तशी मागणी फेटाळली, आणि संसदेच्या स्थायी समितीनेही प्रस्तावित बदलाला विरोध दर्शविला. तथापि डिसेंबर २०१५ मध्ये तो आरोपी मुदत संपून सुटला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवा कायदा संमत केला. १६ ते १८ या वयातील मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचा, परिणामांच्या जाणिवेचा आणि परिस्थितीचा प्राथमिक अंदाज घेऊन त्याला प्रौढाप्रमाणे चालविण्यासाठी बालन्यायालयाकडे पाठवू शकते.

या कायद्याची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. अशाही मुलाला फाशी देता येत नाही, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला तुरुंगात नव्हे, सुरक्षित गृहात ठेवावयाचे असते. २१ पूर्ण झाल्यावर न्यायालयाने पाहावयाचे, की हा तरुण बदलला आहे काय, समाजाच्या उपयोगी पडेल काय. आणि त्यानुसार त्याला देखरेखीखाली सोडावयाचे किंवा उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगात पाठवावयाचे. परवान्यावर सुटका करण्याची धारवाडच्या काळची कल्पना येथे वेगळ्या वेषात परत आली आहे. ती प्रत्यक्षात यावयाची तर गृहात शिक्षण हवे, समुपदेशन हवे, आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीची प्रामाणिक नोंद हवी. ती नोंद नसेल, तर २१ व्या वर्षीचा न्यायाधीश कशाच्या आधारे निर्णय घेणार?

प्राथमिक अंदाज घेणेही किती अवघड असते, हे दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये दिसले. २०१७ साली तेथील एका शाळेत लहान विद्यार्थ्याचा खून झाला. प्रथम बसच्या वाहकाला पकडण्यात आले. पुढे त्याच शाळेतील अकरावीचा विद्यार्थी आरोपी ठरला. त्याला प्रौढ समजावे की नाही, या एका मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. १३ जुलै २०२२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की मुलाचे मन जोखणे हे नाजूक काम आहे आणि मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे. त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये निघाली. त्याआधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने मुलांवरील किरकोळ गुन्ह्यांची वर्षाहून अधिक काळ रेंगाळलेली प्रकरणे बंद करण्याचा हुकूम दिला होता. बर्से यांच्या अर्जावरील १९८६ च्या मुदतीचेच हे दुसरे रूप.

या साऱ्या इतिहासाचे सार एका पुण्याच्या खटल्यात साठले आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. पुण्याला ही घटना आजही विसरता आलेली नाही. आरोपींत राजस्थानातील एक मुलगा होता. अल्पवयीनाचे नाव उघड करू नये असा कायदा असल्याने येथेही ते घेण्याचे कारण नाही. त्या वेळी मात्र तो अल्पवयीन आहे, हे कोणी पाहिले नाही. विशीतला तरुण म्हणून त्याची नोंद झाली, १९९८ साली त्याला फाशीची शिक्षा झाली, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच वर्षी फेरविचाराचा अर्जही फेटाळला गेला.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात त्या काळी ‘प्रोजेक्ट ३९-अ’ या नावाने फाशीच्या कैद्यांना कायद्याची मदत करणारा एक गट काम करीत होता. गरिबाला विनामूल्य विधिसाहाय्य मिळावे, असे सांगणाऱ्या संविधानातील अनुच्छेदावरून हे नाव घेतलेले आहे. या गटातील वकिलांनी बिकानेरकडील गावातील शाळेचे जुने रजिस्टर शोधून पुढे आणले. त्यातील जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती. शाळेतील नाव आणि खटल्यातील नाव वेगळे असल्याने हा तोच मुलगा कशावरून, असा वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करविली. अखेर २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की गुन्ह्याच्या दिवशी हा आरोपी १२ वर्षे ६ महिन्यांचा होता. त्या वयाच्या मुलाला अधिकात अधिक ३ वर्षे गृहात ठेवता आले असते. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, आणि त्यातील बहुतेक काळ फाशीच्या छायेत. त्याची तत्काळ सुटका झाली.

हा अपवाद समजावा, तर जानेवारी २०२५ मध्ये तसाच दुसरा निकाल आला. डेहराडून येथे १९९४ साली झालेल्या तिघांच्या खुनातील आरोपी त्या वेळी १४ वर्षांचा होता. आपण अल्पवयीन होतो, असे त्याने सांगितले होते. परंतु त्याचे बँकेत खाते आहे, तेव्हा तो सज्ञान असलाच पाहिजे, असा तर्क केला गेला. राष्ट्रपतींनी २०१२ साली त्याची फाशी रद्द केली, पण वयाच्या ६० वर्षांपर्यंत सोडू नये अशी अट घातली. सुमारे २५ वर्षे तुरुंगात गेल्यावर शाळेच्या कागदांनी त्याला बाहेर काढले.

अशा निकालांनी मृतांच्या नातलगांचे दुःख हलके होत नाही, आणि तसा दावा कोणी करीतही नाही. परंतु बारा वर्षांच्या मुलाला फाशीच्या कोठडीत ठेवल्याने त्या मृतांना न्याय मिळाला, असेही म्हणता यावयाचे नाही. दीडशे वर्षांत कायदे पुष्कळ झाले आणि बहुतेक चांगले झाले. वय लिहिण्याचा हुकूम तुरुंगांना झाला, पोलिसांनाही झाला. प्रत्येक वेळी तो मिळविण्यासाठी कोणा पत्रकाराला, संस्थेला किंवा तरुण वकिलाला खेटे घालावे लागले. बिकानेरकडील ते शाळेचे रजिस्टर १९९४ सालीही तेथेच होते. पुण्याहून एक हवालदार पाठवून ते मागविता आले असते.